साधन बंद पडल्यावर काय उरतं?

रत्नागिरीजवळ चार खोल्यांचं घरगुती निवासस्थान चालवणारं एखादं कुटुंब वेबसाईट करायचं ठरवतं आणि चार जणांना विचारतं. पहिला म्हणतो, वर्डप्रेसमध्ये करून देतो. दुसऱ्याच्या मते वर्डप्रेसची गरजच नाही, सगळं हातानं लिहायला हवं. कॉलेजात शिकणारी भाची म्हणते, "मामा, विक्सवर संध्याकाळपर्यंत उभी करून देते." चौथा आधी फिग्मात डिझाईन करू या म्हणतो आणि त्याचे वेगळे पैसे सांगतो. काम मात्र तेवढंच असतं: खोल्यांचे फोटो, दर, जेवणाची माहिती, नकाशा आणि फोन नंबर.

इतक्याशा कामाला इतकी वेगवेगळी साधनं का, आणि त्यांतलं आपण कोणतं घ्यायचं? जाहिरातींत प्रत्येक साधन 'सोपं', 'वेगवान' आणि 'सुंदर' असतं, त्यामुळे त्या वाचून निवड होत नाही. त्यासाठी वेबसाईट नावाची वस्तू कशाची बनलेली असते, ते आधी पाहायला हवं.

ब्राउझरच्या हाती काय येतं?

संगणकावर कोणतीही वेबसाईट उघडा आणि कंट्रोलचं बटण दाबून 'यू' दाबा. पानाचा आतला मजकूर समोर येतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो किचकट वाटेल, पण नीट पाहिलं तर त्यात आपली ओळखीची वाक्यं सापडतात आणि त्यांच्या आगेमागे कंसांतल्या खुणा दिसतात. हे शीर्षक, हा परिच्छेद, इथे फोटो, हा शब्द दाबला की दुसरं पान. या खुणांच्या पद्धतीला एचटीएमएल म्हणतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये वेबची कल्पना मांडली आणि पुढे या खुणा ठरवल्या.

खुणांनी रचना कळते, रूप कळत नाही. रंग, अक्षराचा आकार, समास, दोन ओळींतलं अंतर हे सांगायला सीएसएस नावाची वेगळी भाषा आहे. ती हाकोन व्हियुम ली यांनी 1994 मध्ये सुचवली आणि 1996 च्या डिसेंबरात तिचं पहिलं प्रमाण ठरलं. तिसरी भाषा जावास्क्रिप्ट. बटण दाबल्यावर यादी उघडणं, फॉर्ममध्ये चूक झाली तर लगेच सांगणं, अशी हालचाल ती घडवते. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आयिक यांनी तिचा पहिला आराखडा 1995 मध्ये दहा दिवसांत उभा केला.

वर्डप्रेस असो, विक्स असो की हाती लिहिलेलं पान, वाचकाच्या मोबाइलवर शेवटी पोचतात त्या याच तीन भाषा. म्हणजे साधनांमधला खरा फरक वाचकाला काय मिळतं यात फारसा नाही. या तीन भाषा कोण लिहितं, लिहिलेलं कुठे साठवलं जातं आणि ते उद्या तिथून उचलून नेता येतं का, यात तो आहे. माझ्या मते निवडीच्या वेळी सगळ्यांत आधी विचारायचा प्रश्न हा शेवटचा आहे, आणि तोच बहुतेक वेळा विचारला जात नाही.

काही साधनांचे शेवट

संगणकाच्या क्लासमध्ये 'वेब डिझायनिंग' शिकवताना एके काळी फ्रंटपेज, ड्रीमवीव्हर आणि फ्लॅश ही तीन नावं ठरलेली असत. मायक्रोसॉफ्टनं 1996 मध्ये विकत घेतलेल्या फ्रंटपेजची शेवटची आवृत्ती 2003 ची. त्यातला पाहुण्यांची संख्या मोजणारा आकडा किंवा अभिप्रायाचा फॉर्म चालायचा तर सर्व्हरवर फ्रंटपेजचीच जोड-प्रणाली बसवलेली असावी लागे. सर्व्हरवाल्यांनी ती काढून टाकली की आकडा थांबे आणि फॉर्म मुका होई. फ्लॅशचा आधार 31 डिसेंबर 2020 ला संपला, आणि पुढच्या महिन्यात 12 तारखेपासून खुद्द त्याची मालक असलेल्या अडोबी कंपनीनंच त्यातला मजकूर चालणं बंद केलं. ज्यांनी पानाचा अख्खा मेन्यू फ्लॅशमध्ये केला होता, त्यांच्या पानावर त्या जागी रिकामी चौकट उरली.

अडोबीचं म्यूझ हे कोड न लिहिता पान मांडण्याचं साधन होतं. त्याचा आधार मार्च 2020 मध्ये थांबला. म्यूझमधून निघालेलं एचटीएमएल सर्व्हरवर चालत राहिलं, पण ते यंत्रानं यंत्रासाठी लिहिलेलं असल्यामुळे माणसाला हातानं दुरुस्त करणं फार जड जातं. आपल्याकडच्या छोट्या व्यावसायिकांना सर्वांत जवळचं उदाहरण मात्र गूगलचं आहे. गूगलवर दुकानाची नोंद केली की एक फुकट वेबसाईट तयार होत असे; तिच्या पत्त्याच्या शेवटी 'बिझनेस डॉट साइट' असे. मार्च 2024 मध्ये गूगलनं ही सोय बंद केली. काही काळ जुना पत्ता टाकणाऱ्याला दुकानाच्या गूगल नोंदीकडे वळवलं जात होतं, तेही जूनमध्ये थांबलं. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर आणि दुकानाच्या पाटीवर छापला होता, त्यांची कार्डं आणि पाट्या चुकीच्या ठरल्या.

आता याच्या उलट घडलेली गोष्ट. 2001 च्या सुमाराला मिशेल व्हाल्द्रिगी या तरुणानं 'बी-टू' नावाचं लेख प्रसिद्ध करण्याचं साधन लिहिलं होतं. पुढे त्याचं काम थांबलं. पण बी-टूचा परवाना खुला होता, म्हणजे त्याचा कोड कोणीही घ्यावा, बदलावा आणि वाटावा. ते वापरणाऱ्या मॅट मुलेनवेग या एकोणीस वर्षांच्या अमेरिकी मुलानं जानेवारी 2003 मध्ये लिहिलं की हा कोड घेऊन आपणच पुढे न्यावा, आणि इंग्लंडमधल्या माइक लिटल यांनी त्याला साथ देण्याची तयारी दाखवली. 27 मे 2003 रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. आज जगातल्या 40 टक्क्यांहून अधिक वेबसाईट वर्डप्रेसवर चालतात. पुढे 2018 च्या अखेरीला वर्डप्रेसनं लिहिण्याची खिडकी पार बदलली. ज्यांना ती पटली नाही त्यांनी त्याच परवान्याच्या बळावर जुन्या रूपाची 'क्लासिकप्रेस' ही वेगळी शाखा काढली.

म्यूझचा आधार काढून घेतल्यावर ते पुढे नेण्याचा हक्क बाहेरच्या कोणालाच नव्हता. बी-टूचा लेखक बाजूला झाला आणि त्यातून वर्डप्रेस निघालं. परवान्यातला हा फरक खरेदीच्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही, पण पाच-दहा वर्षांनी तोच निर्णायक ठरतो.

कार्यालय आणि मैदान

लग्नासाठी मंगल कार्यालय घेतलं की हॉल, मांडव, वीज, खुर्च्या, स्वयंपाकघर सगळं तयार असतं. आपण कपडे करून जायचं. पण बहुतेक कार्यालयांत केटरर त्यांचाच घ्यावा लागतो, सजावटवाला त्यांचाच, आणि ठरल्या वेळी हॉल सोडावा लागतो. मोकळ्या मैदानावर लग्न करायचं तर आचारी, मांडववाला, जनरेटर सगळं आपण पाहायचं. पाऊस आला तर धावपळही आपलीच. मात्र उद्या आचारी पटला नाही तर दुसरा आणता येतो.

विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय ही कार्यालयं आहेत. महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं भरा. सर्व्हर, सुरक्षा, नवी आवृत्ती सगळं ते पाहतात. पण विक्स आपल्या मदत-पानांवर स्वच्छ सांगतं की तिथे बांधलेली साइट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवता येत नाही. स्क्वेअरस्पेसमधून काही मजकूर वर्डप्रेसला समजेल अशा रूपात काढता येतो, मांडणी येत नाही. शॉपिफायमधून मालाची यादी तक्त्याच्या फाइलमध्ये काढता येते. म्हणून सगळ्या कार्यालयांना एकाच मापानं मोजू नये. पैसे भरण्याआधी त्यांच्या मदत-पानांवर 'एक्स्पोर्ट' हा शब्द शोधावा आणि काय बाहेर काढता येतं ते वाचावं.

वर्डप्रेस हे मैदान. इथे एक घोळ नेहमी होतो. 'वर्डप्रेस डॉट कॉम' ही एका कंपनीची भाड्याची सेवा आहे आणि 'वर्डप्रेस डॉट ऑर्ग'वर मिळतं ते फुकट सॉफ्टवेअर, जे आपण भाड्यानं घेतलेल्या कोणत्याही सर्व्हरवर बसवता येतं. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक पाहुणा आला की सर्व्हरवर थोडं काम घडतं. लेखांचा साठा एका माहितीकोशात असतो. पीएचपी या भाषेतला कोड तिथून लेख काढतो, 'थीम' नावाच्या साच्यात ओततो आणि तयार एचटीएमएल वाचकाकडे पाठवतो. साचा बदलला तरी साठा शाबूत राहतो, हे त्याचं मोठं बळ आहे. धोकाही याच रचनेतून येतो. सर्व्हरवर सतत चालणारा कोड म्हणजे घुसखोराला ठोठावायला दार. त्यात प्रत्येक कामासाठी एकेक प्लगिन चढवलं, म्हणजे बाहेरच्या कोणी लिहिलेला जोड-कोड बसवला, की दारं वाढत जातात. प्लगिनच्या नव्या आवृत्त्या वेळच्या वेळी न घेणं, हे वर्डप्रेसच्या साइट बिघडण्याचं फार मोठं कारण आहे. म्हणून कोणी वर्डप्रेसमध्ये करून देतो म्हणाला की लगेच विचारावं, "पुढे अपडेट कोण करणार?" या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर मिळालं नाही तर काम देऊ नये.

तिसरा मार्ग बोलण्यात कमी येतो, पण मला तो फार मोलाचा वाटतो. पान प्रत्येक वेळी बनवायचंच कशाला? एकदाच तयार करून ठेवावं. जेकिल हे साधन 2008 मध्ये आणि ह्यूगो 2013 मध्ये याच विचारातून आलं. मजकूर साध्या फाइलींत लिहायचा, आज्ञा द्यायची, आणि साधन सगळी एचटीएमएल पानं तयार करून देतं. ती कोणत्याही सर्व्हरवर ठेवा. गिटहब पेजेससारख्या ठिकाणी फुकटही ठेवता येतात. माहितीकोश नाही, चालणारा कोड नाही, त्यामुळे फोडण्यासारखंही फार थोडं उरतं. अडचण एकच: आज्ञा टाइप करण्याची काळी खिडकी पाहून ज्याला धडकी भरते, त्याला हे शिकवावं लागतं.

फिग्मा कशासाठी?

चौथ्या माणसाचं म्हणणं राहिलं. फिग्मा, पेनपॉट, स्केच ही मुळात वेबसाईटचं चित्र काढण्याची साधनं आहेत. फिग्मा ब्राउझरमध्येच चालतं आणि एकाच पानावर डिझायनर, लेखक, मालक असे सगळे एकाच वेळी खुणा करू शकतात. दहा जणांच्या कामात याचा फार उपयोग होतो. पेनपॉट त्याच धर्तीचं, पण खुल्या परवान्याचं आहे.

चित्राला ठरलेली रुंदी असते, पानाला नसते. तेच पान छोट्या फोनवर, आडव्या धरलेल्या टॅबवर आणि बँकेतल्या रुंद पडद्यावर उघडणार असतं. इथन मार्कोट यांनी 2010 मध्ये मांडलेली प्रतिसादी रचनेची कल्पना हीच, की पानानं पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला मांडून घ्यावं. म्हणून एकच देखणं चित्र दाखवून कोणी मंजुरी मागितली तर फोनवरचं रूप आधी मागावं. आपल्याकडचे बहुतेक पाहुणे फोनवरूनच येणार असतात. चार पानांच्या साइटसाठी फिग्माचे वेगळे पैसे मोजणं मला पटत नाही. कागद-पेन्सिलीनं तेवढं काम नीट होतं.

मराठी घालून पाहा

साधनांची नमुना-पानं इंग्रजी किंवा लॅटिन मजकुरानं भरलेली असतात आणि त्यात सगळंच छान दिसतं. आपला मजकूर मराठी आहे. त्यामुळे परीक्षा मराठीतच घ्यायला हवी, आणि ती घेतली की बरीच साधनं उघडी पडतात.

लॅटिन शीर्षक देखणं दिसावं म्हणून अनेक साचे अक्षरांमध्ये थोडं अंतर टाकतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि 'मुक्काम' हा शब्द तीन वेगळे तुकडे ठेवल्यासारखा दिसतो. साधनात हे अंतर शून्य करायची सोय हवी. दोन ओळींतलं अंतरही लॅटिनच्या मापानं ठेवलेलं असतं. मग वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांना भिडतात. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं. जुन्या फॉन्टात ते नसतं आणि 'ॲडव्हान्स' लिहिलं की पहिल्या अक्षराच्या जागी चौकोन येतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्या जणांना माहीत असते. पानाच्या पहिल्याच खुणेत भाषेची नोंद करता येते; मराठीसाठी तिथे 'एम-आर' ही दोन अक्षरं लिहायची असतात. ती नोंद असेल तर काही फॉन्ट 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणानं दाखवतात, नसेल तर हिंदी वळणानं. दृष्टिहीन वाचकांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही कोणत्या भाषेचा आवाज वापरायचा ते याच नोंदीवरून ठरवतं. मराठी पानावर इंग्रजीची नोंद राहिली तर त्या वाचकाचे हाल होतात. साधनात ही नोंद बदलता येत नसेल तर माझ्या दृष्टीनं ते मराठीसाठी नापास.

पानाच्या पत्त्याचं गणितही वेगळं आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरी खूण होते. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. 'आंबा' या शब्दात आ, अनुस्वार, ब आणि काना अशी चार चिन्हं, म्हणून त्याची 36 अक्षरं. व्हॉट्सॲपवर मराठी पत्ता चिकटवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते ती यामुळे. वर्डप्रेस पत्त्यातल्या शीर्षकासाठी 200 अक्षरांचीच जागा ठेवतं, तेव्हा मराठी शीर्षक साधारण 22 चिन्हांवर कापलं जातं. छोटा पत्ता आपण स्वतः लिहून द्यावा, हे उत्तम.

चौकट : पैसे भरण्याआधीची अर्ध्या तासाची परीक्षा

साधनाच्या फुकट आवृत्तीत एक पान उघडा आणि शीर्षकात हे वाक्य टाका: 'दुसऱ्या आठवड्यात कऱ्हाडच्या पाहुण्यांना ॲडव्हान्स बुकिंग'. ऱ्य, ऱ्हा आणि ॲ नीट दिसतात का ते ठळक अक्षरांतही पाहा. डीटीपीवाल्याकडून आलेला श्रीलिपीतला जुना मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. तसाच चिकटवला तर निरर्थक अक्षरं येतील. मग ते पान घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, वायफाय बंद करून उघडा. संगणकावर क्रोम ब्राउझरमध्ये एफ-बारा दाबून 'लाइटहाउस' चालवलं तर पान किती जड आहे आणि कशामुळे, याचा अहवाल फुकट मिळतो. शेवटी तेच पान साधनातून बाहेर काढून पाहा: फाइल मिळते का, आणि ती त्या साधनाशिवाय उघडते का?

मग घ्यायचं काय?

पानात बदल कोण करणार आणि किती वेळा, यावर पुढचं ठरतं. रत्नागिरीच्या त्या कुटुंबाचे दर वर्षातून दोनदा बदलत असतील, तर तयार पानांचा मार्ग सर्वांत स्वस्त आणि निर्धोक. भाचीनं विक्सवर केलं तरी हरकत नाही, फक्त सगळा मजकूर आणि मूळ आकारातले फोटो घरच्या संगणकावर वेगळे ठेवावेत. ग्रंथालय, शाळा, साप्ताहिक अशा ठिकाणी दर आठवड्याला तांत्रिक माहिती नसलेली माणसं लिहिणार असतील तर वर्डप्रेस, साधी थीम आणि मोजकी प्लगिनं. माल विकून पैसे घ्यायचे असतील तर शॉपिफाय किंवा वर्डप्रेसवरचं वूकॉमर्स. पैशांच्या देवाणघेवाणीचा कोड कोणी स्वतः लिहून देतो म्हणाला तर नको म्हणावं.

एक वाक्य सांगितलं की अख्खी साइट करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनंही आता मिळतात. पहिलं पान ती झटकन देतात. त्यांनाही हीच परीक्षा लावा: कोड बाहेर मिळतो का, भाषेची नोंद मराठी आहे का, आणि फोन नंबर बदलायचा झाला तर तो कुठे बदलायचा ते आपल्याला सापडतं का.

यांतलं कोणतंही साधन निवडलं तरी डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कोणाकडे नोंदलं आहे हे आजच पाहून घ्या. साधन बदललं तरी ते नाव नव्या जागी वळवता येतं, पण ज्याच्या खात्यात नोंद आहे त्यालाच ते वळवता येतं. अनेक ठिकाणी ती नोंद साइट करून देणाऱ्याच्या खात्यात आणि त्याच्याच ईमेलवर असते. तो व्यवसाय सोडून गेला की नूतनीकरणाची सूचना मालकापर्यंत पोचत नाही आणि मुदत टळली की नाव दुसरा कोणी घेऊ शकतो. तुमचं नाव असं दुसऱ्याच्या खात्यात असेल तर पुढच्या नूतनीकरणाआधी ते स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या फोन नंबरवर करून घ्या.